तळघरातही चढणारा भाव

भाव ३९,८४२.१६

घंटा वाजली की सगळा हॉल उठून उभा राहायचा.

हॉल व्यायामशाळेचा होता. भिंतींना लोंबणाऱ्या दोऱ्या, कोपऱ्यात रचलेल्या गाद्या, जमिनीवर चेंडूच्या खेळाच्या रंगीत रेषा आणि त्या रेषांवर दाटीवाटीने मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. उशिरा आलेले गाद्यांवर बसले होते, त्याहून उशिरा आलेले दोरीला धरून उभे होते. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने एक आकडा पाडला होता आणि काही सेकंद गेले की त्याचा शेवटचा अंक बदलायचा. सहाचा सात. साताचा आठ.

माझ्या शेजारी आमचा औषधवाला बसला होता. तो ओठ हलवत होता. अंक बदलायच्या आधीच तो पुढचा अंक पुटपुटायचा आणि तो भिंतीवर आला की समाधानाने मान डोलवायचा. दर वेळी बरोबर. साताच्या नंतर आठ येणार हे ओळखण्यात कसलं कौतुक, असं तेव्हा मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मीही पुटपुटत होते.

आकड्याखाली एक रेघ. डाव्या कोपऱ्यातून निघून उजव्या कोपऱ्यापर्यंत चढत गेलेली. पट्टी धरून आखावी तशी.

हा ‘उगम’ कॉइनचा भाव. वर्षभरापूर्वी शून्यातून निघाला आणि तेव्हापासून एकदाही पडला नाही. एकदाही. हाच चमत्कार होता आणि तो बघायला दर रविवारी सकाळी माणसं इथे येत होती.

मंचावर सर. त्यांना नुसतं ‘सर’च म्हणत. पांढरेशुभ्र बूट, मऊ आवाज, माइक ओठांपासून थोडा लांब. ते ओरडत नसत. त्यामुळेच लोक पुढे झुकून ऐकत.

“मी तुम्हाला श्रीमंत करायला आलो नाही,” सर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीमंत करणार नाही म्हणणाऱ्याला एवढ्या टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकत होते. “ते दुसरे कॉइन बघा. कोणी नटी फोटो टाकते, भाव उड्या मारतो. कोणी शिंकतो, भाव आडवा होतो. त्याला हाइप म्हणतात. आपल्याकडे हाइप नाही. आपल्याकडे वाढ आहे. रोज. थोडी. मागे न येणारी. आपण झाड आहोत. झाड कधी उडी मारतं का?”

हॉल म्हणाला, नाही.

“झाड कधी खाली वाढतं का?”

हॉल म्हणाला, नाही.

मुळं खाली वाढतात, हे तिथे कोणाला आठवलं नाही. मला घरी पोचल्यावर आठवलं.

घंटा वाजली. म्हणजे कोणीतरी आत्ता, याच क्षणी, उगम घेतला. सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेत माझी मावशी उभी राहिली, आणि सरांनी मंचावरून तिच्याकडे हात केला. पुढच्या रविवारी, ते म्हणाले, या माउली मंचावर येणार आहेत. तीस वर्षं घाम गाळून उभं केलेलं सगळं त्या आता एका खऱ्या झाडाखाली आणून ठेवणार आहेत.

मावशीने मागे वळून मला शोधलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मी हात हलवला. 

भाव ४०,०५८.४०

मावशी विकणार होती ती लाँड्री.

आमची लाँड्री तळघरात आहे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, टॉवेल. वर रस्ता, खाली वाफ. मावशीने सुरुवात एका जुन्या मशीनवर केली. दुसरं मशीन आलं, मग मोठा ड्रायर आला. मग बॉयलर फुटला आणि ड्रायर विकावा लागला. पुन्हा घेतला. एक मोठं हॉटेल मिळालं, ते दुसऱ्याकडे गेलं, दोन दवाखाने मिळाले. आई गेल्यावर मावशीने मला घरी आणलं तेव्हा मी शाळेत होते. टॉवेलांच्या ढिगावर अभ्यास केला. आता मशीनं मीच बघते. मला एका जागी बसवत नाही. ड्रम गरगरत असला की मी बरी असते.

तळघराची एक गंमत आहे. तिथे फोन लागत नाही. जाड भिंती, डोक्यावर रस्ता, भोवती लोखंड. वायफाय आम्ही कधी घेतलंच नाही. नवीन माणूस कामाला लागला की आधी त्याला हे सांगायचं. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, थोडी रेंज येते. तिथे खिळ्याला एक टोपली टांगलेली आहे आणि सगळ्यांचे फोन त्या टोपलीत. वाजला की ज्याचा असेल तो धावत वर. ‘वळणावर जाऊन येतो’ याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, फोन करून येतो.

मावशीचा फोनही वर्षानुवर्षं त्याच टोपलीत असायचा. उगम घेतल्यापासून तो खाली, घड्या घालायच्या टेबलावर आला. तिला भाव बघायचा असायचा. चादरीची एक घडी, एक नजर. पुढची घडी, पुन्हा नजर.

हे आम्ही सगळे रोज बघत होतो. कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

तिला त्यात आणलं हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, गणित शिकवायच्या, अर्ध्या गल्लीचे कान त्यांनी पिळलेले. त्या दारोदार फिरून उगमचं सांगत. हेडबाई सांगतायत म्हणजे बरोबर असणार, एवढं लोकांना पुरे होतं. त्यात आमच्या इस्त्रीवाल्या कडककाकांनी थोडे कॉइन विकून बघितले, आणि पैसे खरंच आले. काकांनी त्याचे बूट घेतले. सगळ्या लाँड्रीने ते बूट हातात घेऊन, उलटे करून, तळवे दाबून पाहिले. बूट खरे होते. मग शंका कसली उरली?

मावशीने आधी नव्या बॉयलरसाठी साठवलेलं उगममध्ये घातलं. आता लाँड्री. एक मोठी साखळीवाली लाँड्री कंपनी आमची जागा आणि गिऱ्हाइकं घ्यायला तयार होती. सोमवारी सही. पैसे आले की थेट उगम.

मी तिला विचारलं, मग आपण काय करायचं? कडककाका काय करणार? ती म्हणाली, बसून भाव बघायचा.

मी म्हटलं, मला बसता येत नाही.

शिकशील, म्हणाली.

भाव ४०,२७४.९५

गुरुवारी ताई आली.

ताई म्हणजे मावशीची मुलगी, भूलतज्ज्ञ. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास आणि मॉनिटरवरच्या रेघा सांभाळायच्या, हे तिचं काम. सहीचं मी तिला फोनवर सांगितलं होतं. वळणावर जाऊन, हळू आवाजात, चोरासारखं.

तिने येताच भांडण काढलं नाही. बाही वर केली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. मायलेकी घड्या घालायला लागल्या. दवाखान्यातून कधीही बोलावणं येईल म्हणून ताई सारखी जिना चढून वळणावर जायची, टोपलीतला फोन बघायची, खाली यायची, पुन्हा टोक धरायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती टेबलापाशी थबकली.

“आई, तुझा फोन इथे? टोपलीत नाही?”

“भाव बघायला.”

ताईने फोनकडे पाहिलं. चादरीचं टोक सोडून दिलं. चादर ओल्या फरशीवर पडली आणि मावशी करवादली, धुतलेली आहे ती. ताईचं लक्ष नव्हतं.

“छोटी, इकडे ये,” ती मला म्हणाली. “वरच्या कोपऱ्यात बघ.”

“रेंज नाही.”

“आता खाली बघ.”

खाली भाव. शेवटचा अंक पाचाचा सहा झाला. आम्ही थांबलो. सहाचा सात झाला.

 ड्रायर बंद करायची वेळ झाली होती, तो धाडधाड वाजत होता, आणि मी तशीच उभी. वर्षभर ज्या खोलीत आईच्या, बायकोच्या, मुलांच्या फोनसाठी आम्ही जिना चढत होतो, त्याच खोलीत हा आकडा टेबलावर आरामात पडल्या पडल्या चढत होता. त्याला वळणावर जावं लागत नव्हतं.

“थिएटरमध्ये,” ताई म्हणाली, “पेशंटच्या छातीवरची वायर निघाली तर रेघ सपाट होते आणि मशीन बोंबलतं. आपल्याला काही कळत नाहीये, हे मशीनला कळतं. वायर निघालेली असताना रेघ छान चालत राहिली ना, तर मी ते मशीन उचलून बाहेर फेकीन.”

“हा पेशंट नाही,” मावशी म्हणाली.

“तेच तर सांगतेय. इथे पेशंटच नाहीये.”

कडककाकांनी सुचवलं, बाई, फोन माझ्याकडे द्या, इस्त्रीच्या रोलरमधून काढतो, खरं-खोटं लगेच कळेल. कोणी हसलं नाही. मावशीने फोन उचलून छातीशी धरला.

मग ती बोलली ते ड्रायरच्या आवाजातही स्पष्ट ऐकू आलं. “तीस वर्षं मी वाढवतेय. दोन पावलं पुढे गेले की एक मागे. बॉयलर फुटतो, हॉटेल जातं, खांदा धरतो. मला एकदा, फक्त एकदा, मागे न येणारी वाढ बघायची आहे. आणि तू त्यात बोट घालतेस.”

 ताईने विचारलं, सरांना विचारलं तर चालेल का?

विचार की, मावशी म्हणाली. सगळ्यांसमोर विचार. सरांनी उत्तर दिलं तर तोंड बंद ठेवायचं.

“त्यांनी नीट उत्तर दिलं,” ताई म्हणाली, “तर सोमवारी साक्षीदार म्हणून मी सही करीन.”

मावशीने मान हलवली. ठरलं. मी ड्रायर बंद केला. शांतता अंगावर आली तसा पुन्हा चालू केला. रिकामाच.

भाव ४०,५९८.११

रविवार. तोच हॉल. आज दोऱ्यांपाशीही जागा नव्हती.

सरांनी मावशीला मंचावर घेतलं. मागोमाग ताई चढली. आईबरोबर लेक, सर म्हणाले, पिढ्या आपल्याकडे येतायत. टाळ्या. त्यांनी ताईच्या हातात माइक दिला. असे माइक ते नेहमी देत, आणि माणसं त्यावर रडत, आभार मानत.

ताईने आभार मानले नाहीत. तिने विचारलं, आमच्या तळघरात फोन लागत नाही, तरी तिथे भाव चढतो, तो कसा?

मी औषधवाल्याची खुर्ची घट्ट धरली. आता सरांचा चेहरा पडेल, ते चाचरतील. मी वाट बघत होते.

सर हसले. आनंदाने हसले. “वा,” ते म्हणाले, “हे मी पुढच्या महिन्यात सांगणार होतो. डॉक्टरांनी आजच फोडलं. सगळ्यांनी फोन काढा. फ्लाइट मोड लावा. सगळे. हा बघा मीही लावतो.”

त्यांनी आपला फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरला, फ्लाइट मोड लावला. हॉलभर फोन निघाले. बोटं चालली. मग सगळा हॉल खाली बघत राहिला.

अंक बदलला. सगळ्या फोनांवर.

“नेटवर्क नाही,” सर अगदी हळू म्हणाले, “तरी वाढ आहे. कारण उगम बाहेर कुठे नाही. तुमचा प्रत्येक फोन साखळीतली एक कडी आहे. कडी वेगळी झाली तरी साखळी तिला विसरत नाही. त्या दुसऱ्या कॉइनना जमेल हे?”

हॉल फुटलाच टाळ्यांनी. माणसं खुर्च्यांवर चढली. एकीने फोन डोळ्यांना लावला. ताईने चमत्काराला टाचणी लावायला जावं आणि चमत्कार दुप्पट फुगावा, तसं झालं. मावशी माझ्याकडे बघत होती. झालं समाधान, असं तिचे डोळे विचारत होते. आणि क्षणभर, खरं सांगते, मलाही ते पटलं.

घंटा वाजली. पुन्हा वाजली.

हॉलभर फोन फ्लाइट मोडवर, मग आत्ता हे कॉइन घेतले कोणी? पण घंटेबरोबर सगळे उभे राहिले होते, आणि उभा राहिलेला माणूस विचारत नाही.

टाळ्या ओसरेपर्यंत ताई थांबली. “फोनला कालचं आठवू शकतं,” ती म्हणाली. “हा आत्ताचा भाव दाखवतोय. आत्ता कोणी किती विकत घेतलं, कोणी विकलं, हे फोनला कोणी सांगितलं?”

“साखळीने.”

“कशातून?”

सर म्हणाले, डॉक्टर मोठ्या आहेत, पण नाडी वेगळी आणि बाजार वेगळा. ज्याचं त्याने बघावं. लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, बाई, खाली बसा आता.

तेव्हा हेडबाई उठल्या.

त्या ताईवर चिडल्या होत्या. त्यांनी वर्षभर दारोदार फिरून लोकांना इथे आणलं होतं, आणि आपलीच एक विद्यार्थिनी भर सभेत शंका काढते म्हणजे काय. त्यांनी माइक मागितला नाही. त्यांना कधीच लागला नाही.

“मी एका मिनिटात मिटवते,” हेडबाई म्हणाल्या. “तुझं म्हणणं काय, भाव फोनमधूनच निघतो. बाहेरून येत नाही. बरोबर? मग हा माझा फोन. याची तारीख मी बदलते. भाव बाहेरचा असेल तर माझ्या फोनची तारीख काहीही असली तरी त्याला फरक पडायचा नाही. जगाला माझ्या फोनशी काय देणंघेणं. पडला फरक, तर तू खरी.”

सर म्हणाले, बाई, याची काही गरज नाही.

“गरज आहे,” हेडबाई म्हणाल्या. “पोरीचं शंकानिरसन झालं पाहिजे.”

त्यांनी चष्मा लावला. तारीख दोन वर्षं मागे नेली. उगम उघडलं.

भाव उणे ३८,३५०.२०

 हेडबाईंनी आकडा मोठ्याने वाचला, वर्गात वाचत तसा, ‘उणे’वर जोर देऊन.

दोन वर्षांपूर्वी उगम जन्मलाच नव्हता. जन्मायच्या आधीही त्याला भाव होता, आणि तो उण्यात होता.

“सर,” हेडबाई म्हणाल्या, “तेव्हा कॉइन घेणाऱ्याला तुम्ही वर पैसे देत होतात का?”

पहिलं हसू औषधवाल्याचं. नको तिथे हसू फुटतं तसलं, आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. त्याच्या मागच्या माणसाने तारीख दहा वर्षं पुढे नेली.

भाव ४,३५,०१४.६३

ते वाचून काही जण आनंदाने ओरडले. खरंच ओरडले. एवढा होणार, एवढा होणार. मग आपण काय ओरडतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि आवाज जागच्या जागी विरला.

आता सगळेच तारखा बदलत होते. पुढे, मागे. गेल्या महिन्यात, कोणाच्या लग्नाच्या दिवशी, मुलगा पन्नाशीचा होईल त्या वर्षी. जी तारीख मागाल तिचा भाव हजर. हेडबाईंनी हातातल्या कागदावर चार तारखा आणि चार भाव लिहिले, वजाबाकी केली आणि म्हणाल्या, रोज तेवढेच. सोमवारी तेवढेच, सुट्टीला तेवढेच. सुरुवातीपासूनचे दिवस मोजायचे, एका ठरावीक आकड्याने गुणायचे, झाला भाव. तिसरीतली मुलं करतील.

“हा भाव नाही,” त्या म्हणाल्या. “हे घड्याळ आहे. आपण वर्षभर दर रविवारी येऊन घड्याळाला टाळ्या वाजवत होतो.”

सरांनी कपाळावरचा घाम टिपला. खिशातून फोन काढून कानाला लावला. एक मिनिट, ते म्हणाले, फार महत्त्वाचा फोन आहे, आणि बाजूच्या दाराकडे निघाले. पांढरे बूट भराभर चालले. ते दाराबाहेर गेले आणि मग मघापासून ओठ चावत बसलेल्या कडककाकांनी विचारलं, “फ्लाइट मोडवर फोन कसा आला?”

काही जण धावले. उशीर झाला होता. मंचावरच्या लॅपटॉपपाशी घंटेचं बटण सापडलं, सर उभे राहायचे तिथे, टेबलाच्या पायाला चिकटवलेलं. ते दाबलं की घंटा वाजत होती. एका माणसाने ते पुन्हापुन्हा दाबलं. आता कोणी उभं राहिलं नाही.

भिंतीवर आकडा चढत होता. औषधवाल्याचे ओठ अजून हलत होते.

मग राग आला, आणि तो सरांवर आला नाही. सर तिथे नव्हते. ताई होती. एकजण तिच्या अंगावर धावून गेल्यासारखं म्हणाला, “तुम्ही बोलला नसतात तर वाढत होता ना.”

“वाढतोय की,” ताई म्हणाली. “थांबलाय कुठे?”

मावशी मंचावरच होती. फोन अजून तिच्या हातात. ती खाली उतरली, कोपऱ्यातल्या गादीवर बसली. ताई तिच्यापुढे उकिडवी बसली.

“म्हणजे हा कधीच पडणार नाही?” मावशीने विचारलं.

“कधीच नाही, आई.”

मावशीने डोळे मिटले. “माझी तर किती वेळा पडली,” ती म्हणाली. आपल्या लाँड्रीबद्दल बोलत होती.

“पडली म्हणून तर कळतं की आहे,” ताई म्हणाली.

भाव ४०,७०६… पुढचे अंक मी बघितले नाहीत.

सोमवारी साखळीवाल्या कंपनीचा माणूस आला. त्याच्या बॅगेत कागद, चेहऱ्यावर घाई. मावशीने त्याला तळघर दाखवलं. त्याने विचारलं, धंदा वर्षाला किती वाढतो? मावशी म्हणाली, कधी वाढतो, कधी नाही, गेल्या वर्षी घटला. मग तिने मोठं मशीन चालू केलं. त्याने आणखी काही विचारलं, ते ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मावशीने कानावर हात ठेवून मान हलवली, आणि तो जिना चढून गेला.

बॉयलरचे पैसे गेले ते गेले. तक्रार दिली आहे. पोलिसांकडे तशा पुष्कळ आहेत. जुना बॉयलर ठिगळं लावून चालवतेय, गळतो, आम्ही पुसतो. कडककाकांना आता माहीत आहे की त्यांच्या बुटांचे पैसे कुठल्या झाडावरून आले नव्हते. हॉलमधल्याच कोणीतरी त्या आठवड्यात नवे कॉइन घेताना भरले होते. बूट त्यांनी टाकले नाहीत. फक्त पॉलिश करणं सोडलं. हेडबाई पुन्हा दारोदार फिरतात. ज्या घरांत त्यांनी उगमचं सांगितलं होतं त्याच घरांत जातात आणि उणे ३८ हजारांची गोष्ट सांगतात. सगळी दारं उघडत नाहीत. त्या पुन्हा जातात.

औषधवाल्याने ताईला एकदा विचारलं, मग सगळेच कॉइन असेच असतात का? ताई म्हणाली, मला माहीत नाही, मी भूल देते. पण ज्यांना खरंच काही बनवायचं असतं ते वर्षानुवर्षं कंटाळवाणं काम करत बसतात. चुकतात, दुरुस्त करतात, केलेलं सगळ्यांसमोर उघडं ठेवतात. भाव पडतो, लोक शिव्या घालतात, वाटेल तेव्हा विकून निघून जातात, आणि तरीही कोणीतरी ते वापरत राहतं. असं कुठे दिसलं तर बघा तपासून. कधीच न पडणारं दिसलं तर तपासत बसू नका, उठा.

भाव ५०,३१८.०२

हा आजचा.

सर पळाले, हॉलमध्ये पुन्हा मुलं उड्या मारतात, उगम विकणारं कोणी नाही, घेणारं कोणी नाही. मावशीने त्या फोनमधून उगम काढून टाकलं नाही. नवा घेतला आणि जुना घड्या घालायच्या टेबलावर तसाच ठेवला, वायर लावून. रेंज नाही. भाव चढतोय. नवीन माणूस कामाला आला की मावशी आधी टोपली दाखवते आणि मग हा फोन. काही बोलत नाही. त्याला बघू देते. बहुतेकांना वेळ लागतो. एक मुलगी लगेच म्हणाली, अहो, पण इथे तर फोन लागत नाही ना? मावशीने तिला त्याच दिवशी कायम केलं.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा आकडा असेल. रोज थोडा चढणारा, शांत, हाइप नसलेला, तुमच्या कष्टांसारखा दिसणारा. त्याच्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण आधी त्याला एकदा तळघरात न्या. नेटवर्क काढा. तारीख मागे न्या. जो सांगतो त्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं, कशातून सांगितलं. प्रश्न विचारल्याने खरी गोष्ट मरत नाही. आणि तुमच्या प्रश्नावर टाळ्या पडल्या, तर तो पुन्हा विचारा.

शेवटी थोडं विकून बघा. पैसे हातात येतील. कडककाकांच्याही आले होते. तेव्हा ते खिशात घालायच्या आधी आणखी एकच विचारा.

कोणाचे?